प्रॉम्प्टर

तिसऱ्या अंकात, रात्री अडीचला,
नायिका वाक्य विसरली
आणि विंगेतून काहीच आलं नाही.
तिने वळून पाहिलं. मग पेटीवाल्याने.
मग दुपारी शंकरपट बघून तिथेच थांबलेली,
शालीत डोकी गुंडाळलेली हजारभर माणसं
एकाच दिशेला बघू लागली.

हिरामण नाकाडे. वही मांडीवर उघडी,
टॉर्च चालू,
मान कनातीच्या बांबूला टेकलेली.

ब्रह्मपुरीला म्हणाले, डोक्यात नस फुटली, इथे थांबू नका.
नागपूरला मांडीतून तार घालून
फुटलेली जागा बुजवली.
रक्त थांबलं.
"पण सांडलं तिथे सूज राहते," गेडाम मॅडम म्हणाल्या,
"तणसीचा ढीग विझवल्यावर आत धग असते ना, तशी.
तीच पुढे घात करते."

त्यांनी डबी दाखवली. विडीच्या कट्ट्याएवढी.
एक वायर, टोकाला चिमटा.
कापायचं नाही, टोचायचं नाही,
डाव्या कानाच्या आतल्या वाटीत लावायचा.
तिथल्या कातडीखाली एका लांब नशीचं टोक आहे.
ती नस मानेतून उतरते, काळजाकडून पोटापर्यंत
घरोघरी निरोप देत जाते.
तिच्या कानात हळूच सांगायचं:
आता पुरे. आग आवर.

मी म्हटलं, म्हणजे प्रॉम्प्टिंगच की.
मॅडम हसल्या नाहीत. धानोऱ्याकडच्या त्या,
मंडईची नाटकं बघत वाढलेल्या.
"हो. तसंच."

सही करताना मात्र थांबवलं मला.
हा अभ्यास आहे, ताई.
निम्म्या डब्यांत करंट आहे, निम्म्यांत नाही.
तुमच्या डबीत काय, मलाही माहीत नाही.
चिठ्ठी बंद आहे, शेवटी फोडतील.

म्हणजे निम्म्या डब्या नाटक करतात.

"यांना जाणवेल ना?"
"खरा असला तरी इतका बारीक, की जाणवत नाही."

आता सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस.
मी वहीत बरोबरची खूण करते.
सासूबाई पाट सरकवून जवळ बसतात:
"हे काहाले आता? कान तं बारशालेच टोचला होता त्याचा."
बोडीवर बगळे येतात, जातात.
हिरामण छताकडे बघतो.
ओठांवर शब्द येतो आणि अर्ध्यातून परत आत जातो,
एन्ट्री चुकलेल्या पोरासारखा.

एकदा दुपारी तो झोपला असताना
चिमटा मी माझ्या कानात लावला.
डोळे मिटून बसले.
चक्की ऐकू आली. माझं गिळणं ऐकू आलं.
वहीत याची खूण केली नाही.

वडश्याहून मॅनेजर आला, पेरू घेऊन.
सीझन अजून चालू आहे म्हणाला, होळीपर्यंत तारखा लागल्यात.
नवा पोरगा मोबाईलवर बघून वाचतो,
पानं उलटत नाहीत, बोटानं सरकवतो,
आणि नटाच्या श्वासाकडे लक्ष नाही त्याचं.
जाताना त्याने हिरामणची वही मागितली.
मी शोधते म्हटलं.
ती उशाखालीच होती.

लग्न झालं त्या वर्षी याने मला सांगितलं होतं:
विंगेतून आलेलं नटानं घ्यायचं.
चुकीचं असलं तरी घ्यायचं.
पुढचं सावरता येतं.
न घेतलेल्या वाक्याचं काहीच करता येत नाही.

काल, दिवेलागणीला.
त्याच्या कानात चिमटा, माझ्या पुढ्यात वांगी.
"कुठे ठेवली मी ती… अगं बाई, ती…"
हात हवेत, शब्द येईना.
आणि खाटेवरून,
ओठ जेमतेम हलवत, नुसत्या श्वासातून,
पंचवीस वर्षं चार हात अंतरावर पोचत आलेल्या आवाजात:

"चिमटा."

मी पावशी शोधत होते.

"हो, चिमटाच," म्हटलं,
चुलीजवळचा उचलला
आणि एक निखारा, काही गरज नसताना,
इकडचा तिकडे केला.